खुर्चीतून न उठलेली मदर

कोणी भुताखेताची गोष्ट सांगू लागला की मी आधी विचारतो, किती घेतली होतीस? अशा माणसाने या सदराला लिहावं म्हणजे नवलच. पण त्या दिवशी मी पूर्ण शुद्धीत होतो, भर दुपार होती आणि साक्षीदार मीच... त्यामुळे झटकून टाकता येत नाही.

गोष्ट एकोणीसशे तीसच्या आसपासची. आमचं गाव पोलादपूरजवळचं कापडे. चवदार तळ्याच्या पाण्यावरून महाडात मोठी खळबळ होऊन गेली होती, आणि आम्हा जमीनवाल्यांना नवा माणूस दिसला की धर्मांतराचीच शंका यायची. अशात महाडच्या एका वकिलांनी माझं शेतावरचं घर दोन कॅथलिक जोगिणींसाठी भाड्याने मागितलं. एक गोरी म्हातारी. मुंबईतला जोगिणींचा एक संघ तिनेच उभा केलेला, म्हणून सगळे तिला मदर म्हणत. दुसरी तिची सेवा करणारी, वसईची सिस्टर रोझा.

भाडं घेतलं आणि पाळतही सुरू केली. एवढ्या मोठ्या संघाची संस्थापिका आमच्या चिखलात कशाला येईल? सिस्टर रोझा सांगायची की मदरचा हात लागला की आजार बरा होतो म्हणून लोक झुंडीने यायचे. ते संघाच्या नव्या प्रमुखबाईंना खपेना. त्यांनी आज्ञा केली — आजाऱ्याला हात लावायचा नाही. आणि जिथे एक ख्रिस्ती माणूस नाही अशा ठिकाणी पाठवून दिलं. मनाई नीट पाळली तर मरायला संघाच्या मुंबईतल्या मूळ घरी परत नेणार होते. मला यातलं अक्षरही पटलं नाही. मनाई ही बतावणी, एक दिवस हात फिरवून ही गाव बाटवणार, असं मी चारचौघांत बोलायचो.

म्हातारी गुडघ्यांनी पार गेलेली. सिस्टरने आणि गड्याने उचलून ओटीवरच्या खुर्चीत ठेवलं की तिथेच, शाल पांघरून.

त्या श्रावणात माझी बायको यमुना अडली. पोर आडवं होतं. सावित्रीला पूर, महाडचा डॉक्टर येणं शक्य नाही. सुईण बाहेर आली आणि म्हणाली, "आता माज्या हातात काय नाय. देवाला सांगा."

देवाला सांगायचं सोडून मी शेतावर धावलो. डोलीतून नेतो, म्हटलं. मदर म्हणाली, "मला मनाई आहे." मग सौदा करू पाहत असेल असं वाटून मी म्हणालो की हवं तर बाप्तिस्मा घेतो. तेव्हा मात्र ती चिडली.

"हा बाजार नाही. मला झालेल्या आज्ञेला किंमत नसेल, तर माझ्या हातालाही नाही."

संताप आला. आपल्याला घरी जाऊन मरता यावं म्हणून ही माझ्या बायकोला मरू देतेय, असं तोंडावर बोललो. घरी परतून यमुनाचं ओरडणं ऐकायचं धैर्य नव्हतं, म्हणून मदरसमोरच बसून राहिलो. नजर हटवली नाही... रागाने म्हणा हवं तर. ती डोळे मिटून होती, हात शालीत. सिस्टर शेजारी जप करत होती. खुर्ची करकरलीसुद्धा नाही.

मग घरून गडी धावत आला. पोर फिरलं, मुलगी झाली, दोघी सुखरूप.

घरी गेलो तर यमुना म्हणाली, "म्हातारीला पाठवलंत ते बरं केलंत. माज्या पाठीमागं बसून कंबर धरून व्हती. उजव्या हाताची दोन बोटं उघडत नव्हती तिची."

सुईण म्हणाली, खोलीत कोणी नव्हतं. यमुनाने मदरला कधी पाहिलेलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी शेतावर जाऊन हात दाखवा म्हटलं. मदरने शालीतून काढला. दोन बोटं मुडपलेली होती. दोन्ही घरी येणाऱ्या दूधवालीने यमुनाला सांगितलं असेल, असं मी लगेच मनात जुळवलं. दूधवालीला विचारलं, तर तिनेही तो हात कधी पाहिला नव्हता.

इथवर ठीक होतं. पण यमुनाने कौतुकाने गावभर सांगितलं आणि ते मुंबईला पोहोचलं. पूर ओसरल्यावर नव्या प्रमुख मोटारीने आल्या. मी सांगितलं की मदर हलली नाही, मी डोळ्यांनी पाहत होतो. मग त्यांनी यमुनाला विचारलं. मी खुणा करत होतो, पण तिने लेकीच्या डोक्यावर हात ठेवला. "आली व्हती. खोटं कशाला बोलू? तिचे उपकार हायत."

प्रमुख मला म्हणाल्या, "तुम्ही मदरची बाजू घेताय." मी! मला हसावं की रडावं कळेना. मनाई मोडली असं धरून, मदरला न घेताच मोटार परत गेली.

संध्याकाळी मी मदरला विचारलं, खरं काय ते सांगा. ती म्हणाली, "मी खुर्चीतच होते, तुम्हीच बघत होतात. पण बायकोला खोटं पाडू नका. तिला कोणीतरी धरलं होतं ना?"

पुढच्या उन्हाळ्याआधीच ती वारली. मोटार पुन्हा आली, तिचा देह न्यायला. मी ओटीवर उभा राहून लहान पोरासारखा रडलो.

उलगडा आजही नाही. दोन साक्षी जुळल्या नाहीत की कोण खोटं बोलतंय ते शोधायची माझी जन्माची खोड. इथे कोणीच खोटं बोललं नव्हतं — आणि शिक्षा म्हातारीला झाली.