नमस्कार करणारी हत्तीण

हत्तीण आमच्याच शेतात का, हे मी पहिल्याच दिवशी विचारलं होतं. "पाणी आपल्याकडे, ऊस आपल्याकडे, रस्त्याला लागून जागा आपल्याकडे," हे म्हणाले. म्हणजे वनखात्याच्या साहेबांना 'हो' म्हणून हे मोकळे झाले होते. बायकोला विचारायची गरजच काय! आमच्याकडे साधी म्हैस घ्यायची तर घरात महिना महिना खल चालतो, आणि हत्ती आला तो चहा पिऊन होईपर्यंत.

झालं होतं असं. एक माहूत तिला शहाद्याकडच्या रस्त्यावर दुकानोदुकानी फिरवून दक्षिणा मागत होता. त्याच्याकडे कागद नव्हते, म्हणून खात्याने दोघांना अडवलं. म्हाताऱ्या, सोडवलेल्या हत्तींसाठी परराज्यात एक केंद्र आहे, तिथे तिला न्यायचं ठरलं. त्यांचा मोठा ट्रक येईपर्यंत ती कळसाडीला आमच्या विहिरीजवळच्या चिंचेखाली राहणार होती. माहूतही तिच्यासोबतच राहिला, कारण तिच्या जवळ जायची दुसऱ्या कुणाची हिंमत नव्हती.

केंद्राची एक डॉक्टरीण ट्रकच्या आधीच येऊन थांबली होती. तरुण पोर, पण कामाला एकदम कडक. तिने हत्तिणीच्या पुढच्या डाव्या गुडघ्याला औषध लावलं आणि आम्हा सगळ्यांना उभं करून सांगितलं, "हिला काही झालं तरी खाली बसू द्यायचं नाही. पाय इतके खराब आहेत की एकदा बसली तर उठेलच असं नाही. आणि एवढं वजन घेऊन पडून राहिली, तर वाचणार नाही."

तो गुडघा मी पाहिला होता. सुजून डेऱ्याएवढा झालेला, वरची कातडी फाटलेली, आत ओलं. ती झोपायचीसुद्धा उभ्यानेच, चिंचेच्या बुंध्याला कूस टेकून. माहूत म्हणाला, पूर्वी ती सर्कशीत होती. सर्कशीत हत्ती ठेवायला बंदी आली तशी ती या हातातून त्या हातात गेली. कधी लग्नाच्या वरातीत, कधी जत्रेत, कधी पर्यटकांना पाठीवर घेऊन, आणि शेवटी डांबरी रस्त्यावर भीक मागत. हे सगळं तो हवापाण्याच्या गप्पा माराव्यात तसं सांगत होता. माझा असा संताप झाला! पण त्याच्याही पायात धड चप्पल नव्हती, मग बोलायचं तरी कुणाला?

माझ्या सासूबाईंना मात्र आनंदाचं भरतं आलं होतं. प्रत्यक्ष गणपती दारात आला म्हणून त्या पहाटे अंघोळ करून चिंचेखाली जायच्या, लांबूनच हात जोडून उभ्या राहायच्या. त्यांचं पाहून गल्ली आली, गल्लीचं पाहून गाव आलं. माझा बांधालगतचा हरभरा पार तुडवला गेला. मी ओरडले की बायका म्हणायच्या, "देव आलाय दारी, आणि तू हरभऱ्याचं काय घेऊन बसलीस?" 

शेवटी ट्रक यायचा दिवस उजाडला. पाटाच्या भरावाला ट्रकची मागची बाजू लावून ड्रायव्हरने माती दाबून उतार तयार केला. ऊन चढायच्या आत तिला आत घ्यायचं होतं. डॉक्टरीण एकसारखी आभाळाकडे आणि त्या गुडघ्याकडे बघत होती. सगळं गाव भरावावर गोळा झालं होतं. भजनी मंडळसुद्धा टाळ घेऊन आलं होतं, त्यांना कुणी बोलावलं होतं देव जाणे.

तेवढ्यात सासूबाई आरतीचं ताट घेऊन पुढे आल्या. डॉक्टरीण नको म्हणाली, तर त्यांनी ऐकूनच घेतलं नाही. "देव दारमाईन जाई ऱ्हायना, ओवाळाले नको का?" देव दारातून निघालाय, ओवाळायला नको का, हे त्यांचं बोलणं मला पटलं. पाहुणा निघाला तरी आपण कुंकू लावतो. दिवा लांब धरा, लवकर आवरा, एवढंच सांगून डॉक्टरीण बाजूला झाली.

सासूबाईंनी घंटा वाजवली.

हत्तिणीचे कान एकदम मागे गेले. तिने सोंड वर केली, कपाळाला लावली. मग पुढचा उजवा पाय दुमडला, आणि पाठोपाठ डावा. तोच, सुजलेला. सगळा भार त्या गुडघ्यावर घेऊन ती सासूबाईंपुढे खाली टेकली. तिच्या तोंडून कण्हल्यासारखा लांब आवाज निघाला. पण तो ऐकायला शुद्धीवर होतं कोण! "गणपती बाप्पा मोरया!" अख्खा भराव दणाणला. बायका रडायला लागल्या, माणसांनी मोबाइल वर केले. देवाने म्हातारीला नमस्कार केला! डॉक्टरणीचा चेहरा पांढराफटक पडला.

ट्रकजवळून माहूत धावत आला. "अम्मा, घंटी बंद करो! बंद करो!" सासूबाईंचे डोळे मिटलेले, ओठ हलताहेत, हात घंटा वाजवतोच आहे. मी माहुताला धरलं आणि विचारलं, काय आहे हे? तो एका दमात बोलला. सर्कशीत हिला पूजेचा खेळ करायला लावायचे. घंटा वाजली की पिंडीसमोर गुडघे टेकायचे, आणि घंटा वाजतेय तोवर उठायचं नाही. आधी उठली तर कानामागे अंकुश. कितीतरी वर्षं, रोजच्या रोज, प्रत्येक खेळाला.

"आई, थांबा," मी म्हणाले. मग ओरडले. मग सरळ त्यांच्या हातातली घंटा हिसकावून घेतली.

भर गावात सुनेने सासूच्या हातातली पूजेची घंटा ओढली! कळसाडीत याहून मोठं पाप नाही. "अगं, वेड लागलं का तुला?" हे म्हणाले. "तुम्ही गप्प बसा!" मी म्हणाले. लग्नानंतर चारचौघांत असं पहिल्यांदाच बोलले असेन. एक बाई माझ्या अंगावर धावून आली. मी आपली सांगतेय की ही शिकवलेली आहे, तिला दुखतंय, तर ऐकतं कोण! घंटा थांबली तशी हत्तिणीने मागचे पाय रोवले आणि पुढचं अंग उचलायला लागली. आता उठणार, असं वाटलं. तेवढ्यात भजनी मंडळाने टाळ धरले.

ती अर्ध्यातून परत खाली गेली. धप्पकन.

 एका हातातली घंटा ओढता येते, पण इतक्या टाळांचं काय करायचं? डॉक्टरीण घसा फोडून "मागे व्हा" म्हणत होती, आणि लोक पायाला हात लावायला पुढेच रेटत होते. गर्दीने दुसऱ्यांदा जयजयकार केला. हत्तिणीचं सगळं अंग थरथरत होतं. मला स्पष्ट दिसत होतं की ही इथेच संपणार, आमच्या शेतात, आमच्या भक्तीने. मी रडत होते, आणि रडता रडता शिव्या देत होते, ते खरं सांगायला मला लाज नाही.

सासूबाईंनी मला बाजूला ढकललं. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. देवाच्या पायाला हात लावायचा म्हणून त्या वाकल्या आणि हात तिच्या गुडघ्याखाली गेला. तो बाहेर आला तो ओला, लाल. कुंकू सांडलं असेल म्हणून त्यांनी ताटाकडे पाहिलं. कुंकू ताटात होतं, तसंच, कोरडं.

"हाई काय?" त्यांनी माहुताला विचारलं. त्याने मघाचंच परत सांगितलं, घंटा, खेळ, अंकुश. सासूबाई ऐकत होत्या आणि हात तसाच पुढे धरून उभ्या होत्या.

"मंग ती नमस्कार नही करस?"

"नमस्कार नहीं अम्मा," तो म्हणाला. "डर है."

म्हातारीने वळून गावाकडे पाहिलं. सत्तरी उलटलेल्या त्या कुडीतून असा आवाज निघाला की टाळ वाजवणाऱ्यांचे हात जागच्या जागी थांबले. "बंद करा! टाळ खाले ठेवा रे! उठू द्या तिले!" आणि तो रक्ताचा हात वर करून सगळ्यांना दाखवला. कुणीतरी मागून तरीही जयजयकार सुरू केला, तर सासूबाईंनी नुसतं त्या दिशेला पाहिलं.

शांत झालं. पण हत्तीण उठेना. तिचा विश्वासच नसावा, की घंटा खरंच थांबली आहे. डोळे फिरवून ती एकेका माणसाच्या हाताकडे बघत होती. कुणी खोकलं नाही, कुणी जागचं हललं नाही. माहूत तिच्या कानाशी हळूहळू काहीतरी बोलत राहिला. शेवटी तिने सोंड मातीवर टेकली, तिच्यावर भार घेतला, मागचे पाय ताठ केले. घसरली. पुन्हा जोर लावला. मी ह्यांचा दंड इतका घट्ट धरला होता की नंतर तिथे वळ दिसले. आणि ती उठली. उभी राहिली. डॉक्टरीण तिथेच बांधावर मटकन बसली आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

मग उतारावरून एकेक पाऊल टाकत ती ट्रकमध्ये चढली. माहूत पुढे, ती मागे. दारं लागायच्या आधी सासूबाई जवळ गेल्या. सवयीने त्यांचे हात जुळायला लागले होते, ते त्यांनी मध्येच खाली घेतले.

"जाय माय," त्या तिला म्हणाल्या. "आते कोनलेच नमस्कार करू नको."