कोऱ्या तोंडाची परीक्षा

पुष्पाताई गेल्याची बातमी मला त्यांच्या सॉसच्या लेबलावरून कळली. सकाळी त्यांच्या भाच्याने, नितीनने, मोबाइलवर फोटो पाठवला. खाली 'भावपूर्ण श्रद्धांजली' आणि जोडलेले हात. घरात ताईंचे नोकरीतले कितीतरी फोटो पडलेले असताना त्याने बाटलीवरचाच उचलला होता, तोही घाईत कापलेला. त्यामुळे हनुवटीखाली 'झणझ' एवढीच अक्षरं शिल्लक राहिली होती. मी ती बराच वेळ पाहत बसलो. दुःख व्हायला हवं होतं. ते पुढे यथावकाश झालं. आधी आली ती शिसारी...

अमरावतीत आम्ही एकाच गल्लीत वीसेक वर्षं राहिलो. माहेर त्यांचं दर्यापूरकडचं. त्या जिल्हा परिषदेच्या शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या, मी कॉलेजात मराठी शिकवून थकलेला. निवृत्तीनंतर माणसं तीर्थयात्रा किंवा आत्मचरित्र यांपैकी काहीतरी सुरू करतात. ताईंनी मिरची सुरू केली. लाल ओली मिरची मिठात घालून चिनीमातीच्या बरण्यांत गच्चीवर ठेवायची, बारा-पंधरा दिवस फसफसू द्यायची, मग लसणासोबत वाटून, गाळून बाटल्यांत भरायची. आच नाही, रंग नाही. आंबटपणा मिरचीने स्वतः कमवायचा. गल्ली त्याला सॉस म्हणे, ताई नुसतंच मिरची म्हणत.

प्रत्येक बरणीवर खडूने तारीख लिहिलेली असे आणि तारखेखाली निकाल : 'पास', 'नापास' किंवा 'पुन्हा बसवा'. रोज सकाळी चूळ भरून, चहाच्या आधी, त्या गच्चीवर जात. आधी वास घेत, मग ज्वारीच्या भाकरीच्या कोरड्या तुकड्यावर एक थेंब. नापास बरणी त्याच दिवशी रिकामी होई. तिच्यासाठी हळहळायची सोय नव्हती. कधीकधी मलाही परीक्षक म्हणून बोलावणं येई. जिन्यातच चौकशी होई.

"सर, चहा घेऊन आले का?"

"अर्धाच कप."

"मंग जा घरी. गोड जिभेले सगळंच पास वाटते. उद्या कोऱ्या तोंडानं या."

मी हसत परत जाई. इतकी वर्षं पेपर तपासले, पण तपासणाऱ्याचीही काही पात्रता असते हे मला कधी सुचलं नव्हतं.

मागणी वाढत गेली आणि ताईंचे गुडघे गच्चीचा जिना चढायला कुरकुरू लागले. या दोन्हींच्या मधल्या फटीतून नितीन आत आला. तो उद्योजकतेची बरीच शिबिरं करून आलेला होता. 'स्केल' हा शब्द त्याच्या एका वाक्यात दोनदा यायचा. "आत्या, तू किती दिवस खडूच घेऊन बसशील?" असं म्हणत त्याने अकोल्याच्या एमआयडीसीतला एक कारखाना शोधला. हा कारखाना दुसऱ्यांचा माल दुसऱ्यांच्या नावाने बनवून देई. एकाच कढईतून निघालेल्या केचपला तिथे सात आडनावं मिळत. ताईंनी एकच अट घातली : नमुना मी तपासणार, मी पास केला तरच माझं नाव आणि फोटो लागणार.

नमुना तपासायला आम्ही तिघं नितीनच्या गाडीने अकोल्याला गेलो. फाटकावर ताईंचा दारापेक्षा उंच फ्लेक्स होता, 'वऱ्हाडची चवसम्राज्ञी'. ताईंनी तो वाचला. "मी तं गणित शिकवत होती," म्हणाल्या. आत शाल झाली, श्रीफळ झालं, सॉस चाखण्याआधी दीपप्रज्वलनही झालं. मग चहा आला : जाड दुधाचा, वेलदोड्याचा, जवळपास पाकच. ताईंनी कप बाजूला सारला.

"आधी मिरची."

कारखान्याच्या मालकांचा चेहरा उतरला. "ताई, आमच्या दारी येऊन चहा घेत नाही म्हणता? आमचं काही चुकलं का?"

आमच्याकडे चहा नाकारणं म्हणजे भांडण उकरून काढणं. सगळे कपाकडे पाहू लागले. आयुष्यभर हारतुऱ्यांची टिंगल करत आलेला मी तेव्हा पुढे वाकलो आणि म्हणालो, "घ्या ताई. बरं दिसत नाही."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि चहा घेतला. मग पावाच्या तुकड्यावर नमुना आला. ताईंनी तो चघळला, थोडा विचार केला, "बरी हाय" म्हणाल्या, आणि कागदावर सही करून सवयीने शेजारी 'पास' लिहिलं. नितीनने त्या अक्षराचा फोटो काढला.

महिन्याभराने बाटल्या आल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी ताई माझ्या फाटकात उभ्या, हातात बाटली आणि भाकरीचा तुकडा. "चाखा," म्हणाल्या. त्यात व्हिनेगर होतं, साखर होती, घट्टपणासाठी डिंक होता, लाल रंग होता. मिरची पाहुण्यासारखी येऊन गेली असावी. चौकशी केल्यावर कळलं की बारा दिवस थांबणं कारखान्याला परवडत नाही. शिवाय पहिल्याच पिंपावर फेस आला, तो बघून तिथल्या सुपरवायझरने माल नासला म्हणून सगळा उकळून घेतला होता. नासलेल्यात आणि जिवंत असलेल्यात फरक असतो, हे सांगायला तिथे कोणी नव्हतं. आम्हाला दिलेला नमुना त्याच पिंपातला होता.

"मीच पास केली," ताई म्हणाल्या. मग, "तुमी काहून म्हणलं, सर, बरं दिसत नाही?" हा प्रश्न त्यांनी मला एकदाच विचारला. पुन्हा विचारला असता तर बरं झालं असतं.

त्यानंतर त्यांची एकच मागणी होती : माझं नाव काढा, तोंड काढा, मग काय विकायचं ते विका. रजिस्टर पत्रं गेली. गुडघे धरून त्या दोनदा एसटीने अकोल्याला जाऊन आल्या. मालक हात जोडत आणि मोबाइलमधला 'पास' दाखवत. "अक्षर तुमचंच ना, ताई?" नितीन समजूत घाली, "आत्या, लोकायले आवडून राहिलं."

"लोकायनं चहा पेला हाय," ताई म्हणाल्या.

मग त्यांनी पर्समध्ये लाल पेन ठेवायला सुरुवात केली. किराणा दुकानात जायचं, बाटली हातात घ्यायची आणि स्वतःच्या छापील कपाळावर शांतपणे लिहायचं, 'नापास'. दुकानदार आधी ओरडत; त्यातले निम्मे त्यांचेच विद्यार्थी निघाले. नितीनने नातेवाइकांत कळवलं, आत्याचं डोकं फिरलंय. मी त्या दिवसांत त्यांच्याइतकं शुद्धीवर असलेलं माणूस पाहिलेलं नाही.

एक दिवस त्या माझ्याकडे आल्या आणि लाल पेन टेबलावर ठेवलं. "तुमच्यापाशी ठेवा. मले आता दुकानापावतर चालवत नाही." दारातून वळून म्हणाल्या, "चाखल्याबिगर लिहू नका पण. पेपर वाचल्याशिवाय मार्क देत नसतात." आठवड्याने त्यांना दवाखान्यात नेलं. तिथून त्या परतल्या नाहीत.

शोकसभा मोठ्या हॉलमध्ये झाली. मालक अकोल्याहून आले, 'ताईंचं स्वप्न' या विषयावर बोलले आणि नव्या लेबलाचं अनावरण केलं : तोच फोटो, आता भोवती छापील झेंडूचा हार. टाळ्या वाजल्या. माणसं दोन मिनिटं मौनासाठी उभी राहिली, आणि नंतर दाराशी रांगेत उभी राहिली, कारण प्रत्येकाला स्मरणार्थ एक छोटी बाटली मिळत होती. माझ्याही हातात ती आली. 'नको' म्हणायला तोंड उघडलं, तेवढ्यात मागचा कोणीतरी म्हणाला, "घ्या ना सर, बरं दिसत नाही." मी घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी चूळ भरली. गॅसवर काही ठेवलं नाही. भाकरीचा कोरडा तुकडा घेतला, बाटलीचा वास घेतला, थेंबभर चाखलं. अन्याय होऊ नये म्हणून पुन्हा चाखलं. मग टेबलावरचं लाल पेन उचललं. ताईंच्या कपाळावर लिहायला माझा हात धजला नाही, म्हणून हारावर लिहिलं, स्वच्छ, गणिताच्या बाईंना वाचता येईल अशा अक्षरात.

आता दुकानात जाताना पेन खिशात असतं. सकाळीच जातो, चहाच्या आधी.