फॉर्म लेकीचा

भोरच्या स्टँडजवळच्या दुकानात कॉलेजचे ऑनलाइन फॉर्म भरणाऱ्या त्या बाईंचं नाव मी विचारलंच नाही. माझ्या लेकीला दिसत नाही, म्हणून त्यांच्या प्रत्येक प्रश्नाला मीच उत्तर देत होतो. बाईंनी हात वर करून मला थांबवलं आणि आपली खुर्ची लेकीकडं वळवली.

"दादा, कालेजात तुमी जानार का ती?"

मग तिलाच विचारलं, "परीक्षेला लेखनिक लागंल?"

"नको. बोलणाऱ्या लॅपटॉपवर माझं मी टाईप करीन!"

हे तिनं ठरवलंय, हे घरात मला कधी कळलंच नव्हतं.

शेवटचं बटण बाईंनी लेकीच्या बोटानंच दाबून घेतलं. लेकीनं आनंदानं टेबलावर थाप मारली.

परतताना आंबवड्याच्या गाडीत कंडक्टरनं मला विचारलं, "हिला कुठं उतरायचंय?"

मी छाती फुगवून म्हणालो, "तिलाच इचारा की!"