बाईंच्या नावावरची साखर

ड्रायव्हिंग स्कूल चालवणाऱ्या मास्तरांना मधुमेह होता आणि तो त्यांनी बायकोच्या नावावर करून ठेवला होता. घर मास्तरांच्या नावावर, दोन्ही गाड्या मास्तरांच्या नावावर, स्कूलचा गाळाही त्यांच्याच नावावर. बाईंच्या नावावर एवढी एकच गोष्ट.

याला बरीच वर्षं झाली. मास्तरांना इन्सुलिन नुकतंच सुरू झालं होतं. फ्रिजच्या दारात अंड्यांच्या मागे त्या सुया-पेनांचा डबा असायचा. एक दिवस शेजारीण बर्फ मागायला आली, तिने स्वतःच फ्रिज उघडला आणि डबा बघून विचारलं, "हे कुणाचं?"

मास्तर खुर्चीत पेपर वाचत होते. पेपर खाली न घेता म्हणाले, "हिचं."

बाईंचे हात भांड्यांच्या साबणात होते. शेजारीण चुकचुकत निघून गेल्यावर त्यांनी विचारलं, "हे काय मध्येच?"

"अगं, शिकाऊ माणूस मास्तरच्या भरवशावर गाडीत बसतो. मास्तरलाच चक्कर येते म्हटल्यावर कोण फिरकेल आपल्याकडे? तुझं काय, तुला कुठे गाडी शिकवायची आहे?"

"पण चक्कर येणाऱ्याने शिकवावी का मुळात?"

"शेजारच्या सीटपुढे दुसरा ब्रेक असतो," मास्तर म्हणाले.

"तो तुमच्याच पायाखाली असतो ना?"

यावर मास्तरांनी पान उलटलं आणि विषय संपला. म्हणजे मास्तरांपुरता संपला. बाईंपुरता तो तिथून सुरू झाला. लग्नकार्यात त्यांच्या पानातलं गोड कुणीतरी काळजीने उचलायचं आणि मास्तर "द्या इकडे, हिला चालत नाही," म्हणून ते स्वतःच्या पानात घ्यायचे. घरी येणारा प्रत्येक जण बाईंना एखाद्या कडू पाल्याचा रस सुचवून जायचा. मुलगी तेव्हा शिकायला वसतिगृहात राहायची. तिलाही हेच सांगितलं गेलं, आणि तिने आईसाठी फिकी बिस्किटं आणायला सुरुवात केली. बाई ती बिस्किटं चहात बुडवून खायच्या आणि मग बाल्कनीत, वाळत घातलेल्या चादरीमागे उभं राहून, पर्समधली एक लिंबाची गोळी तोंडात टाकायच्या. मास्तर तेवढ्यात न्हाणीघरात नळ सोडून सुई टोचून घेत असायचे. असा दोघांचा लपूनछपून संसार चालला होता.

मग मुलगी लग्न होऊन परदेशी गेली, तिला बाळ झालं, आणि तिने दोन्हीकडच्या आजीआजोबांना बोलावलं. व्याही म्हणाले, एकाच विमानाने जाऊ. इथे मास्तरांची पंचाईत झाली. व्याह्यांचं घड्याळांचं दुकान होतं, ते रोज सकाळी पोहायला जायचे आणि त्या वयात त्यांना एकही गोळी नव्हती, ही गोष्ट ते कुणी न विचारता सांगायचे. अशा माणसाशेजारी इतके तास बसायचं म्हणजे मास्तरांची परीक्षाच होती.

दोघं त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्यांना एकट्यांनाच आजार खरा कुणाचा ते ठाऊक होतं. त्यांनी सगळं नीट समजावलं. औषध लागतं त्याहून पुष्कळ जास्त बरोबर न्या. सामानात टाकायच्या मोठ्या बॅगेत अजिबात ठेवू नका, तिथे ते गोठून वाया जाईल, आणि बॅग हरवली तर काय कराल? दोघांच्या हातातल्या बॅगांत वाटून ठेवा. तिकडचं घड्याळ वेगळं, तेव्हा रात्रीचा डोस कसा सरकवायचा ते मी लिहून देते. साखरेच्या गोळ्या खिशात ठेवा.

"आणि मास्तर, एक लक्षात ठेवा. जेवणाचं ताट समोर आल्याशिवाय सुई टोचायची नाही. ताट येतंय असं वाटलं म्हणून नाही. समोर आल्यावर."

मास्तर मान डोलावत होते. शिकाऊ मुलीची आई गाडीच्या खिडकीतून सूचना देते तेव्हा ते अशीच मान डोलावायचे. मग घसा खाकरून म्हणाले, "ते विमानतळावर दाखवायचं पत्र हिच्या नावाने द्याल का?"

डॉक्टरीणबाईंनी चष्म्यावरून बघितलं. "लायसन्स एकाचं आणि गाडी दुसऱ्याने चालवायची, असं शिकवता का तुम्ही?"

पत्र मास्तरांच्याच नावाने मिळालं. बाहेर पडल्यावर मास्तर तणतणले. "तिला काय कळतंय? ती विमानात बसली आहे का कधी?"

"तुम्ही बसला आहात?"

"मी गाड्या चालवतो," मास्तर म्हणाले, जणू काही विमान म्हणजे त्यांच्याच गाडीची लांबची बहीण.

घरी येऊन त्यांनी औषधाचा सगळा साठा मोठ्या बॅगेत, स्वेटरांच्या खाली पुरला. साखरेच्या गोळ्या "लहान मुलांचा खाऊ" म्हणून टेबलावरच ठेवल्या. ते केस कापायला गेल्यावर बाईंनी स्वेटर उपसले, औषध काढून दोघांच्या हातातल्या बॅगांत वाटलं आणि स्वेटर होते तसे रचून ठेवले. त्या गडबडीत टेबलावरच्या गोळ्या मात्र राहून गेल्या.

विमानतळावर तपासणी करणाऱ्या मुलीने बाईंची पर्स उघडली. "या सुया कुणाच्या?"

मागे व्याही उभे होते. मास्तरांना नेमकी तेव्हाच बुटाची नाडी सुटल्याचं आढळलं.

"आमच्या," बाई म्हणाल्या आणि पत्र पुढे केलं. त्या मुलीने वाचून परत दिलं. तिला दोघांत वाकलेला कोण आणि उभा कोण याच्याशी काही देणंघेणं नव्हतं.

व्याही हळहळले. "किती सोसता हो तुम्ही, विहीणबाई. पण मास्तरांसारखा सांभाळून घेणारा माणूस मिळायलाही नशीब लागतं."

मास्तर नाडी बांधून उठले आणि विनयाने हसले.

विमानात खिडकीशी मास्तर, मध्ये बाई, कडेला व्याही आणि वाटेच्या पलीकडे विहीण. काही वेळाने जेवणाचा वास सुटला आणि लांब पुढे ढकलगाडी दिसली. व्याह्यांच्या देखत पोटाला सुई लावणं मास्तरांना शक्यच नव्हतं. औषध हातातल्या बॅगेत आहे हे त्यांना तपासणीतच कळलं होतं; ती बॅग घेऊन ते संडासात गेले आणि हात पुसत परत आले.

"घेतलंत?" बाईंनी हळूच विचारलं.

"तू गप्प बस."

पुढच्या चार रांगांना जेवण मिळालं आणि विमान हादरायला लागलं. पट्टे बांधायची सूचना झाली. वाढणाऱ्या मुलींनी ढकलगाड्या मागे नेल्या आणि त्याही आपापल्या जागी पट्टे बांधून बसल्या. हादरे थांबेनात. मास्तरांच्या कपाळावर घाम आला. बाईंनी बॅगा चाचपल्या, साखरेच्या गोळ्या कुठेच नव्हत्या. तेवढ्यात मास्तर बाईंवरून वाकून व्याह्यांना म्हणाले, "क्लच हळू सोडा."

व्याही हसले. त्यांना वाटलं, धक्क्यांवरून थट्टा चालली आहे.

"आरशात बघा आधी. मागे ट्रक आहे," मास्तर म्हणाले. त्यांचा उजवा पाय समोरच्या सीटखाली ब्रेक शोधत होता. नजर कुणावरच ठरत नव्हती. व्याह्यांचं हसू जागच्या जागी विरलं.

त्या क्षणी बाईंच्या मनात जे आलं ते त्यांनी पुढे कुणालाच सांगितलं नाही. त्यांना वाटलं, हा माणूस आत्ता इथे गेला तर लोक म्हणतील, आजारी बायकोची काळजी वाहता वाहता बिचारा गेला. आणि मी ते मान खाली घालून ऐकून घेईन. या विचाराने त्यांना संताप आला. त्यांनी पर्समधली लिंबाच्या गोळ्यांची पुडी फाडली, एक गोळी मास्तरांच्या तोंडात कोंबली आणि डोक्यावरची घंटी दाबली.

"चावा. चावा म्हणते ना."

मास्तरांनी चावली. दुसरी. तिसरी.

"अहो विहीणबाई, तुम्हाला साखर आहे, गोळ्यांना हात नका लावू," व्याही गोंधळून म्हणाले. "यांना काय झालंय?"

"साखर यांना आहे," बाई म्हणाल्या. आवाज चढला नव्हता, पण पुढच्या दोन रांगांनी माना वळवल्या. "पहिल्यापासून यांनाच आहे. मला काहीही झालेलं नाही. ती मुलगी येतेय बघा, तिच्याकडून गोड रस मागून घ्या आणि इकडे द्या."

वाढणारी मुलगी सीटांना धरत धरत आली होती. तिने रसाचा पेला आणला, मास्तरांनी तो निम्मा शर्टावर आणि निम्मा पोटात घेतला. पंधरा-वीस मिनिटांत त्यांची नजर ठिकाणावर आली. मग जेवणही आलं.

"काय झालं?" मास्तरांनी विचारलं.

उत्तर वाटेच्या पलीकडून विहीणबाईंनी दिलं. त्या फारशा बोलणाऱ्यातल्या नव्हेत. "मी यांच्याकडेच गाडी शिकले," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "घाटातसुद्धा."

यानंतर उतरेपर्यंत व्याही मास्तरांशी एक शब्द बोलले नाहीत. पोहण्याबद्दलसुद्धा नाही.

मुलीला सगळं विहीणबाईंनी घरी पोचायच्या आत, गाडीतच सांगितलं. मुलीने आईसाठी एक अख्खं कपाट बेचव खाण्याने भरून ठेवलं होतं. ते तिने मुकाट्याने वडिलांपुढे उघडलं आणि म्हणाली, "हे तुमचं." पुढे काही दिवस ती वडिलांशी जेवढ्यास तेवढं बोलत होती.

आईवर मात्र ती खरी चिडली. बाळाला पायावर घेऊन बसलेल्या बाईंना तिने विचारलं, "त्यांचं एक वेळ समजू शकते. ते तसेच आहेत. तू का गप्प राहिलीस?"

बाईंनी बाळाचं अंगडं सारखं केलं. नवऱ्याच्या धंद्यासाठी, असं उत्तर तयार होतं. पण ते तोंडापर्यंत येऊन परत गेलं.

"लोक विचारायला लागले ना," त्या म्हणाल्या. "कशा आहात, जपा हं, असं. तूसुद्धा. दर आठवड्याला फोन करून विचारायचीस, आई, तुझी तब्येत कशी आहे. त्याआधी फोन केलास की बाबांना दे म्हणायचीस."

मुलगी उठून स्वयंपाकघरात गेली आणि तिथे बराच वेळ उगाच भांडी हलवत राहिली.

मास्तरांना एकदम मोकळं मोकळं वाटायला लागलं होतं. लपवायचं काही उरलं नव्हतं, तेव्हा त्यांनी मिरवायला घेतलं. बागेतल्या बाकावर भेटेल त्या म्हाताऱ्याला ते मोडक्यातोडक्या भाषेत आणि भरपूर हातवारे करून, मधुमेहाने परदेश प्रवास कसा करावा हे शिकवू लागले. औषध मोठ्या बॅगेत ठेवू नये. ताट समोर आल्याशिवाय सुई घेऊ नये. विमानातला प्रसंग सांगताना त्यात वादळ असायचं, हिंमत असायची, आणि वेळेवर तोंडात गेलेली गोळी त्यांनी स्वतःच खिशातून काढलेली असायची. बाई शेजारी बसून ऐकायच्या. गोष्ट चांगली रंगायची, हे त्यांनाही कबूल होतं.

परतीची वेळ आली तेव्हा बाई राहिल्या. बाळ लहान होतं, मुलीची रजा संपत होती, आणि कुणी फार आग्रह करायच्या आत त्या राहते म्हणाल्या. मास्तर एकटे निघाले. निघताना त्यांनी हातातली बॅग तपासली, मग परत तपासली. त्यांचा चेहरा पहिल्यांदाच स्टिअरिंग धरणाऱ्या माणसासारखा झाला होता.

घरी पोचल्यावर त्यांनी गाडीवर शिकवायला एक पगारी माणूस ठेवला आणि स्वतः गाळ्यात बसून सिग्नलच्या खुणा शिकवू लागले. वय झालं म्हणून, असं त्यांनी लोकांना सांगितलं. विहीणबाईंनी मात्र गावात दुसरंच सांगितलं होतं, त्यामुळे लोक नुसतं हो म्हणायचे.

एक दिवस मास्तरांचा बाईंना फोन आला. "अगं, आज जेवायला उशीर होणार आहे. मग सुई आधी घेऊ की नंतर? आणि किती?"

बाईंना उत्तर पाठ होतं. इतकी वर्षं डोस त्याच लावून देत होत्या. 

"डॉक्टरीणबाईंना विचारा," त्या म्हणाल्या. "आणि मला सांगा काय म्हणाल्या ते."

मग फोन ठेवून त्या बाळाच्या आंघोळीचं पाणी बघायला गेल्या.