हिरवी जर्सी कोणाची? शिरवळ ते सांगली, सायकलस्वारांच्या मागे तीन दिवस

गेली काही वर्षं मी आणि माझे जिनूमामा एक खेळ खेळतो. परदेशातली एखादी मोठी सायकल शर्यत सुरू व्हायच्या आदल्या दिवशी फोन करायचा आणि हिरवी जर्सी कोण नेणार, ते दोघांनी आपापलं सांगायचं. ज्यांना हे नवीन आहे त्यांच्यासाठी: ही जर्सी सर्वांत कमी वेळात शर्यत संपवणाऱ्याची नसते. रोजच्या टप्प्याच्या शेवटी, आणि वाटेत आखलेल्या एखाद-दोन रेषांवर, पहिल्या काही जणांना गुण मिळतात. ज्याचे गुण जास्त, त्याची जर्सी. म्हणजे ही स्प्रिंटरांची, शेवटच्या दोनशे मीटरला जीव खाऊन सायकल हाणणाऱ्यांची. मामा माधवनगरला राहतात, वय एकोणसत्तर, आयुष्य यंत्रमागांवर गेलं. मी पुण्यात, बँकेत. मामांचं नाव माझ्यापेक्षा जास्त वेळा बरोबर येतं, हे इथंच कबूल करते.

त्यामुळे शिरवळ ते सांगली अशी तीन टप्प्यांची शर्यत होणार असं कळल्यावर मी रजा टाकली आणि मामांना येता का विचारलं. ते आदल्या दुपारीच एसटीनं पुण्याला हजर. नाव ठरवूनच आले होते: बिरू. जत तालुक्यातला, मेंढरं राखणाऱ्या घरातला, आता सैन्यात. मी पुण्याच्या अमेयचं नाव घेतलं. सपाट रस्त्यावर त्याच्याइतका वेगवान दुसरा कोणी नव्हता. बिरू तर कधीच पहिला येत नाही, मी म्हटलं. मामा म्हणाले, तो कधी पाचच्या खालीही जात नाही.

पहिला दिवस, शिरवळ ते सातारा. तुम्ही कधी अशी शर्यत बघायला गेलात तर सुरुवातीला थांबू नका. झेंडा पडतो आणि अर्ध्या मिनिटात सगळं संपतं. आम्ही तासभर आधी निघून खंबाटकी घाटात एका वळणावर गाडी लावली. फेब्रुवारीतलं ऊन, हातात उसाचा रस, आणि मामांचं अखंड भाष्य. खंडाळ्यातल्या रेषेवर अमेय पहिला आणि बिरू दुसरा आल्याचं फोनवर कळलं. मग घाटात पहिला घोळका वर आला तेव्हा बिरू त्याच्या शेपटाला होता, तोंड उघडं, पण होता. अमेय बऱ्याच वेळानं आला. दंडापर्यंत घामानं भिजलेला, सायकल डावी-उजवीकडे टाकत. दिलेल्या मुदतीत पोचला नाही तर शर्यतीतूनच बाद. मी गाडीबाहेर येऊन ओरडत होते. मामाही ओरडत होते, त्याच्याच नावानं. नंतर विचारलं तर म्हणाले, घाट चढणारा कुणाचाही असो, त्याला हाक द्यायची.

अमेय वाचला, पण साताऱ्यात गुण काही मिळाले नाहीत. बिरूनं भुईंजची रेषा मारली, साताऱ्यात चौथा आला. त्याचे सोळा, अमेयचे पाच.

साताऱ्यातच मला काहीतरी खटकलं. बिरू सायकलवरून उतरून एका उंच, वाळक्या माणसाकडे गेला. पांढरा फेटा, खांद्यावर घोंगडं. त्याचे वडील असणार हे चेहऱ्यावरून कळत होतं. मी म्हटलं, चला मामा, भेटू या. मामांनी टोपी खाली ओढली आणि सरळ गाडीत जाऊन बसले. मामा सूर्यास्तानंतर जेवत नाहीत, तेव्हा मला वाटलं जेवणाची घाई असेल. राजवाड्याजवळच्या खानावळीत त्यांच्यासाठी कांदा-लसूण वगळून पिठलं-भाकरी करून दिली. मालकिणीनं कुरकूर केली नाही, फक्त आधी सांगा म्हणाली. तुम्हीही आधी सांगा. मामा मात्र अर्धी भाकरी ठेवून उठले.

दुसरा दिवस, सातारा ते विटा. रहिमतपूर, औंध करत जाणारा हा रस्ता मला सर्वांत आवडला. आधी ऊस, मग हळूहळू ज्वारी, मग उघडे माळ. मध्ये काही ठिकाणी काम चालू आहे, छोटी गाडी असेल तर जपून. औंध मागं पडल्यावर मामांनी आपणहून सांगायला सुरुवात केली.

पस्तीसेक वर्षांपूर्वी मामा आसपासच्या जत्रांमधल्या सायकल शर्यतींत पंच असायचे. साध्या सायकली, कॅरिअर काढलेल्या. कवठ्याकडच्या एका शर्यतीत दोघं जण बरोबरीनं आले. लोक रस्त्यावर घुसले, धूळ उठली, आणि मामांना काही म्हणजे काही दिसलं नाही. सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत होते. त्यांनी एक नाव दिलं. दुसरा होता सिदू, बिरूचा बाप. त्याच्या गावानं फार गोंधळ घातला. सिदू एक शब्द न बोलता सायकल घेऊन निघून गेला, आणि पुन्हा शर्यतीत उतरला नाही. मामांनीही त्यानंतर कधी पंचाची शिट्टी हातात घेतली नाही.

"अंदाजानं सांगितलं गं मी," मामा म्हणाले. "माणसाच्या बाबतीत अंदाजानं सांगितलं."

म्हणजे बिरूचं नाव तुम्ही त्यासाठी घेतलंत, असं मी विचारलं. ते म्हणाले, पुढं खड्डा आहे, जपून.

विट्यात अमेयनं टप्पा जिंकला, अगदी लांबून दिसावा असा. बिरू तिसरा. रहिमतपूरच्या रेषेवरही अमेय पहिला आणि बिरू दुसरा होता, म्हणजे अंतर आता चारच गुणांचं. मी आनंदानं उडी मारली आणि वळून बघते तर मामा जागेवर नव्हते. ते रस्ता ओलांडून लिंबाच्या झाडाखाली गेले होते. तिथं सिदूभाऊ भाकरीचं फडकं उलगडून लेकाची वाट बघत बसले होते.

मी मागोमाग गेले, पण दोन पावलं लांब थांबले. मामांनी टोपी काढली, आपलं नाव सांगितलं, त्या शर्यतीच्या गावाचं नाव सांगितलं. मग सगळं एका दमात. मला दिसलं नव्हतं, मी नाव ठोकून दिलं, तुमचं नुकसान केलं. सिदूभाऊंनी जरा सरकून शेजारी जागा केली.

"आवं, बसा आदी," ते म्हणाले. "तुमी बराबरच दिलं व्हतं. मी दुसराच व्हतो. अर्ध्या चाकानं."

मामा उभेच.

"गाव म्हनाय लागलं, सिदूला लुटलं. बाप म्हनाय लागला. मला ठावं हुतं, पर लय गोड वाटलं ते. गप बसलो. मग त्येच खरं हुन बसलं. परत शर्यतीला उतरलो असतो आन् हरलो असतो, तर काय तोंड दावायचं?" त्यांनी भाकरीचा तुकडा मोडून मामांपुढं धरला. "तुमच्या नावानं गावानं शिव्या घातल्या. मी आयकून घेतल्या. त्ये देनं माझ्याकडं लागू हाय."

मामा खाली बसले. मी तिथून निघून चहा प्यायला गेले. तासाभरानं आले तेव्हा दोघं बिरूच्या पायांबद्दल बोलत होते, आणि बिरू समोर बसून निमूट जेवत होता.

मुक्काम विट्यातच केला. लॉजचे मालक वीस वर्षं कोइमतूरला सोनं गाळण्याच्या धंद्यात होते, त्यामुळे सकाळी पोह्यांऐवजी उत्तम इडली मिळाली. खोली स्वच्छ, आठशे रुपये.

तिसरा दिवस, विटा ते सांगली. तासगावच्या आसपास रस्त्याकडेला द्राक्षं विकायला बसतात, खोके जरूर घ्या. तासगावच्या रेषेवर आधीच निसटलेले दोघं पुढं गेले, तिसऱ्याचा एक गुण बिरूनं उचलला. आता पाचचं अंतर. मी कागदावर मांडलं: अमेय सांगलीत पहिला आला तर बिरूला दुसरं यावंच लागेल. तिसरा आला तर गुण सारखे, आणि मग ज्यानं जास्त टप्पे जिंकले त्याची जर्सी.

सिदूभाऊ आता आमच्याच गाडीत होते. बुधगाव, माधवनगर मागं टाकून आम्ही सांगलीत रेषेपासून पन्नास पावलांवर उभे राहिलो. आवाज आधी आला, मग घोळका. अमेय पहिला, त्यात शंकाच नव्हती. त्याच्या मागं बिरू आणि एक नाशिकचा मुलगा, खांद्याला खांदा, दोघांनीही रेषेवर सायकल पुढं फेकली.

कोणालाच कळलं नाही. कॅमेऱ्याचा फोटो येईपर्यंत थांबा, अशी घोषणा झाली. मी मामांना विचारलं, तुम्हाला काय दिसलं. ते म्हणाले, मी सांगणार नाही. पंधरा-वीस मिनिटं आम्ही तिघं लोखंडी कठड्याला धरून उभे. बिरू जमिनीवर बसला होता, डोकं गुडघ्यांत. पंचांनी फोटो पडद्यावर लावला तेव्हा मामांनी मान वळवली. सिदूभाऊंनी मात्र पुढं होऊन नीट पाहिलं.

"तिसराच हाय," ते म्हणाले. मग कठड्यावरून वाकून लेकाला हाक मारली. "बिरू, ऊठ. तिसरा हायस. जा, त्येला हात दे."

बिरू उठला. अमेयला हात दिला. अमेयनं त्याला मिठीच मारली आणि सोडेना. गुण दोघांचे चाळीस-चाळीस. मी जिंकले होते, आणि कागदाची घडी करून खिशात ठेवताना मला बिलकूल जिंकल्यासारखं वाटत नव्हतं. मामा म्हणाले, सुजू, तुझं नाव खरं ठरलं. मग म्हणाले, तरी माझा पोरगा चांगला होता.

मी संध्याकाळी पुण्याला निघाले. घरी आल्यापासून बरेच जण विचारतात, तीन दिवस उन्हातान्हात उभं राहून बघायला मिळतं तरी काय. खरं सांगायचं तर सगळं मिळून दहा-बारा मिनिटं. बाकी वेळ वाट बघणं, रस, द्राक्षं, आणि बरोबर कोण आहे त्याच्याशी बोलणं. माझ्या डोळ्यांसमोर अजून येतं ते लिंबाखालचं फडकं आणि पुढं धरलेला भाकरीचा तुकडा. मी पुन्हा जाईन, फक्त बरोबर मामा हवेत.

गेल्या रविवारी बिरूचा फोटो आला. तो सुट्टीवर घरी आहे. फोटोत ज्वारीच्या कडब्याशेजारी बाजेवर सिदूभाऊ आणि मामा बसलेत. दोघांचे हात हवेत, चेहरे लाल. मी घाबरून विचारलं, भांडण झालं का. बिरूचं उत्तर आलं: सकाळधरनं चालू हाय. बाबा म्हणतायत मी दुसराच व्हतो, मामा म्हणतायत न्हाई, तुमी पहिलेच व्हता.