आवाज बंद केला होता

भूत, करणी, अंगात येणं... या सगळ्याविरुद्ध मी भिवंडीच्या नाक्यानाक्यावर पत्रकं वाटली आहेत. त्यामुळे हे लिहायची मला लाज वाटते. पण लिहिते, कारण एका माणसाचं घर गेलं आणि ते कोणी घालवलं हे मला आजही सांगता येत नाही.

कल्याण-भिवंडी रोडवर कोन गावात माझी आत्या राहते. घरामागे तिची चाळ आहे. तिथे यासीनचाचा कितीतरी वर्षं भाड्याने राहत होते. त्यांचं आयुष्य कापडाच्या लूमवर गेलं. लूमच्या खडखडाटात ओरडून काही कळत नाही, म्हणून कामगार एकमेकांचे ओठ वाचतात. चाचांचे कान तर कधीच गेले होते. समोरच्याचं तोंड दिसलं की बोलणं कळायचं, मराठीसुद्धा.

त्या आठवड्यात एका चॅनलवर सतत एकच पट्टी — 'भाडेकरू की घुसखोर?' पुरावा शून्य, बोंबाबोंब चोवीस तास! गल्लीतली माणसं आत्याकडे येऊन सांगून गेली, त्याला काढ. मी भर दुपारी पोचले. आमचं पत्रक तिला आधीच दिलेलं होतं. मथळा: 'टीव्हीचा आवाज बंद करा.'

"वाचलंस का?"

"वाचला गं बाय. बेस हाय. त्याच्यावर सुकट निवडली."

"आत्या, शरम कर!"

"शरम तू कर. लगीन न्हाय, नोकरी न्हाय, कागद वाटतेस." मग हसून म्हणाली, "त्याची पोर माझ्या दारात लगीन करून गेली. त्याला कुठं घालवू? बोलाव त्याला. र्‍हा म्हणून सांगते."

मी जिंकले होते. ऐटीत रिमोट उचलून टीव्हीचा आवाज बंद केला आणि चाचांना घेऊन आले.

आत्या भिंतीला टेकून बसली होती. तिच्या डोक्याच्या वर भिंतीवर टीव्ही, त्यात त्याच चॅनलचा अँकर. चाचा उंबर्‍यात बसले आणि त्यांची नजर आत्याच्या चेहर्‍यावरून वर सरकली... स्क्रीनवर.

"इतवार तक?" ते म्हणाले. "इतवार तक कहाँ जाऊँगा, भाभी?"

आत्याने अजून तोंडही उघडलं नव्हतं. मग उघडलं —

"आपण रविवारपर्यंत खोली रिकामी करावी."

आत्या जन्मात असं बोललेली नाही. तिला कोणालाही अहोजाहो करता येत नाही!

"मैंने क्या छुपाया?" चाचा स्क्रीनकडे बघतच म्हणाले.

"आपण आपली ओळख लपवली आहे," आत्या म्हणाली. नंतर.

मी झडप घालून आवाज सुरू केला. अँकर सांगत होता — उद्या कोकणात हवामान कोरडं राहील. बस. एवढंच.

"आत्या, हे काय बोललीस?"

ती घळाघळा रडत होती. "मना तसा न्हाय बोलायचा होता गं..."

"मग सांग ना त्यांना आता!"

तिने तोंड उघडलं. ओठ हलले, आवाज आला नाही. चाचा उठले. मी म्हणणार होते, थांबा, आम्ही लढू. त्याआधीच, स्क्रीनवरची नजर न काढता, ते म्हणाले, "रहने दे, बेटी. उसने आगे का भी बता दिया."

रविवारी टेम्पो आला. मी आडवी आले, भांडले, गल्लीतल्यांच्या शिव्या खाल्ल्या. चाचांनी ट्रंक चढवली. माझ्याकडे, आत्याकडे, कोणाकडेच पाहिलं नाही.

माझे कार्यकर्ते मित्र म्हणतात, आत्याने आधीच ठरवलं असेल, चाचांनी तिचा चेहरा वाचला असेल. असेल. मीही दुसर्‍या कोणाला हेच सांगितलं असतं. पण मी तिथे होते.

आत्याने टीव्ही भंगारात दिला. खोली अजून बंदच आहे. काल फोनवर सहज विचारलं, कोणी आलं का गं राहायला?



"चौकशी सुरू आहे," आत्या म्हणाली. "आमच्यासोबत राहा."