वैशाखातली पाहणी

दिपमालाचे वडील अभिमनभाऊ शिंदखेड्याकडे वायरमन होते. खांबावर चढलेला बाप खालून बघत ती लहानाची मोठी झाली. धुळ्यात तिने विजेचा डिप्लोमा केला, जळगावात पदवी घेतली आणि मग ऊर्जा धोरण शिकायला पुण्याला गेली. वीज कोणाच्या जमिनीवर करायची आणि कोणाला द्यायची ते तिथे शिकवतात, असे तिने घरी सांगितले, तेव्हा अभिमनभाऊ म्हणाले होते, "मंग फ्यूज कोन टाकी?"

प्रबंधासाठी तिने विषय घेतला सौरऊर्जेसाठी पडीक जमिनीचा. नरडाण्याच्या पलीकडचा एक माळ तिने वैशाखात पालथा घातला. उन्हाने भाजलेली जमीन, गवताची काडी नाही, विचारावे तर माणूस नाही. तक्त्यात 'सध्याचा वापर' या रकान्यात तिने लिहिले, 'नाही'. प्रबंध पहिला आला. त्याच प्रबंधावर सल्लागार कंपनीत नोकरी लागली.

तीन वर्षांनी कंपनीकडे त्याच माळावरच्या सौर प्रकल्पाच्या अहवालाचे काम आले आणि तिचा तक्ता उचलून त्यात घातला गेला. गावची संमती घ्यायला भाद्रपदात जीप निघाली. जीपमध्ये कंपनीचे साहेब आणि दिपमाला.

माळ दिसला आणि तिने गाडी थांबवायला लावली. गुडघ्याएवढे गवत होते आणि त्यात शेकडो मेंढ्या. या भागातले ठेलारी मेंढपाळ दिवाळी झाली की कळप घेऊन गुजरातकडे उतरतात आणि पावसाबरोबर परततात, हे धुळे जिल्ह्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक. तिलाही ठाऊक होते. तरी वैशाखात येऊन, 'वापर नाही' असे लिहून ती मोकळी झाली होती. तळपायाची आग मस्तकात गेली, आणि ती आधी स्वतःवरच.

तक्ता चुकला आहे, आजची सभा थांबवा, असे तिने साहेबांना सांगितले. ते मोबाईलवरून नजर न काढता म्हणाले, "तक्ता तुमचाच ना? मग आज तुम्ही फक्त बसून राहा." एवढ्या शिक्षणाची या माणसाच्या लेखी किंमत काय, तर एक खुर्ची अडवायची. ती चावडीपर्यंत दातओठ खात गेली.

साहेबांनी पडीक जमिनीचे भाषण केले. मागून झुलालआबा उठले. मेंढपाळांतले सर्वात वडील, हातात काठी. जमीन पडीक आहे हे कोणी लिहिले, असे त्यांनी विचारले. विद्यापीठाची पाहणी आहे, साहेब म्हणाले.

"मी लिहिलं, आबा," दिपमाला उभी राहिली. "ते खोटं आहे."

साहेबांनी तिला बाहेर बोलावले. ती हलली नाही.

झुलालआबा तिच्यापुढे आले. त्यांचा आवाज चढला नव्हता, म्हणूनच तो जास्त लागला. "तू उनी व्हती, तव्हय आम्ही गुजरातमा व्हतूत. शिकेल बाई तू. आमले ईचारं काब्र नही?"

का विचारले नाही, एवढाच त्यांचा प्रश्न होता. सरपंच पुष्पाबाईंनी सभेचे रजिस्टर पुढे सरकवले. तिने त्यात लिहिले, जुनी पाहणी चुकीच्या ऋतूत, मेंढपाळांना न विचारता झाली, ती धरू नये. सही केली. हे लिहिलेले असताना संमतीचा ठराव मांडणार नाही, असे पुष्पाबाईंनी साहेबांना सांगून टाकले. साहेबांनी तिला उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितले, आणि जीप तिला न घेताच गेली.

कोणी तिची पाठ थोपटली नाही, आणि ते बरेच झाले. आबा भर उन्हात तिला माळावर घेऊन गेले. ही कळपाची वाट, हा पाणवठा, इथे मेंढ्या बसतात. प्रत्येक ठिकाणी ते काठी रोवत, थांबत आणि म्हणत, "लिख."

कपाळावरचा घाम पुसायलाही न थांबता ती लिहीत राहिली. आबांचा राग उतरला नव्हता. तिचाही नाही.